कीबोर्ड त्यांच्याच हाती राहू द्या

पत्र: ‘मी वेब डेव्हलपर आहे. ऑफिसातले नवे ज्युनिअर, नात्यातली कॉलेजची मुलं, मैत्रिणींची भावंडं असे बरेच जण जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवायचं तयार साधन) शिकायचंय म्हणून माझ्याकडे येतात आणि मी कुणाला नाही म्हणत नाही. पण दरवेळी गाडी इन्स्टॉलेशनलाच अडते. शेवटी मीच लॅपटॉप ओढून घेते आणि पाच मिनिटांत चालू करून देते. आठवडाभराने फोन येतो, “ताई, नो मॉड्यूल नेम्ड जँगो म्हणतंय.” माझ्या चुलतभावाने ॲडमिनचा (जँगोबरोबर तयार येणाऱ्या, माहिती भरायच्या पानांचा) रंग बदलायला थेट जँगोच्या फोल्डरमधली फाईल बदलली, प्रोजेक्ट नव्या लॅपटॉपवर नेला तर रंग गायब. ऑफिसातल्या एका मुलीला युजरनेमऐवजी ईमेलने लॉगिन हवं होतं, तिचं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल लागू करणं) आता पुढे सरकत नाही. सगळं एका दमात करून देणारी स्क्रिप्टच लिहून ठेवू का? की माझ्या शिकवण्यातच काही कमी आहे?’

प्रिय मैत्रीण,

तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. नवशिक्याजवळ शेजारी बसून ऐकणारं माणूस असलं, तर तो टिकतो. नसलं तर पहिल्याच लाल ओळीला लॅपटॉप मिटून ठेवतो. तेव्हा शिकवणं सोडू नका. लॅपटॉप ओढून घेणं मात्र आजपासून बंद करा. स्क्रिप्टबद्दल शेवटी बोलू.

तुमच्या पत्रातल्या तिन्ही तक्रारी मला एकाच जातीच्या वाटतात. फोन करणाऱ्याला जँगो कुठे बसलंय ते माहीत नाही. चुलतभावाला आपली फाईल कुठली आणि जँगोची कुठली ते माहीत नाही. आणि त्या मुलीला कुणी सांगितलं नाही की एक निर्णय पहिल्या मायग्रेशनच्या आधीच घ्यायचा असतो. कोड लिहिता येणं न येणं हा यातला मुद्दाच नाही. आपल्या मशीनवर काय कुठे आहे याचं चित्र डोक्यात नाही, आणि तुम्ही पाच मिनिटांत सगळं करून देता तेव्हा ते चित्र तयार व्हायची संधीच जाते.

म्हणून पहिल्या बैठकीत जँगोचं नावही काढण्याआधी एक प्रश्न विचारा: तुझ्या मशीनवर कुठला पायथन चालतोय? बऱ्याच मशीनवर एकापेक्षा जास्त पायथन असतात. एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेला, एक वेबसाइटवरून उतरवलेला, एखादा ॲनाकोंडाबरोबर घुसलेला. आणि प्रत्येकाचा पिप, म्हणजे पॅकेज आणून बसवणारा प्रोग्राम, वेगळा. नवशिका ‘पिप इन्स्टॉल जँगो’ टाइप करतो, सक्सेसफुली इन्स्टॉल्ड असं येतं, आणि पुढच्याच मिनिटाला पायथन म्हणतो की जँगो नावाचं काही मला सापडत नाही. दोघंही खरं बोलतायत. एका पायथनच्या पिपने सामान आणलं, हाक मारली दुसऱ्या पायथनला.

यावरचा उपाय म्हणजे एक सवय. नुसतं ‘पिप’ कधी लिहायचं नाही, ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल जँगो’ असंच लिहायचं. मग जो पायथन चालणार, त्याच्याच घरात सामान पडणार. मॅकवर आणि लिनक्सवर हा पायथन बहुधा ‘पायथन३’ या नावाने हाक ऐकतो, विंडोजवर ‘पाय’ या लाँचरने. विंडोजवर नुसतं ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर घाबरायचं कारण नाही. तो फक्त शॉर्टकट आहे, पायथन अजून बसलेलाच नाही किंवा पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, आलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

मग पायथनच्या प्रॉम्प्टवर जाऊन ‘इम्पोर्ट सिस’ आणि त्याखाली ‘सिस.एक्झिक्युटेबल’ लिहायला लावा. समोर एक लांबलचक पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, येईल. तो पाथ त्यांना मोठ्याने वाचू द्या, मग फाइल एक्सप्लोररमध्ये त्या जागी जाऊन ती फाईल डोळ्यांनी बघू द्या. इथे अजिबात घाई करू नका. ‘पायथन’ ही हवेत तरंगणारी चीज नसून या फोल्डरातली ही फाईल आहे, हे एकदा दिसलं की पुढचे निम्मे गोंधळ होतच नाहीत.

आता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एका प्रोजेक्टपुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा. बरेच शिकवणारे हे ‘करायचं असतं म्हणून करायचं’ असं सांगून मोकळे होतात, आणि आठवडाभराने येणारे तुमचे ते फोन इथूनच येतात. प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘पायथन -एम व्हीएन्व्ह एन्व्ह’ दिलं की ‘एन्व्ह’ नावाचा फोल्डर तयार होतो. तो उघडून दाखवा. आत ‘पायव्हीएन्व्ह.सीएफजी’ नावाची लहानशी टेक्स्ट फाईल असते, तिच्यातली ‘होम’ची ओळ सांगते की हा एन्व्हायर्नमेंट कुठल्या मूळ पायथनवरून बनला. आणखी आत ‘साइट-पॅकेजेस’ नावाचा फोल्डर असतो. जँगो इन्स्टॉल करण्याआधी तो बघा, केल्यावर परत बघा. ‘जँगो’ नावाचा नवा फोल्डर तिथे आलेला दिसतो. इन्स्टॉल झालं म्हणजे नेमकं काय झालं, ते यापेक्षा स्पष्ट कुठल्याच व्याख्येत सापडणार नाही.

आणि ॲक्टिव्हेट म्हणजे काय? त्या एका टर्मिनलच्या खिडकीपुरतं, पाथच्या रांगेत या एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर सगळ्यात पुढे उभा करणं. बस. खिडकी बंद झाली, की संपलं. नवी खिडकी उघडली की पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागतं. ‘नो मॉड्यूल नेम्ड जँगो’चा फोन आला की तुमचा पहिला प्रश्न असावा, ‘प्रॉम्प्टच्या आधी कंसात एन्व्ह दिसतंय का?’ दिसत असूनही एडिटरमध्ये पिवळ्या रेघा येत असतील, तर व्हीएस कोड या एडिटरने दुसराच इंटरप्रिटर, म्हणजे दुसराच पायथन, निवडलेला असतो. तो खालच्या पट्टीवरून बदलता येतो.

दोन अडथळे जवळपास सगळ्यांना लागतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ॲक्टिव्हेट करताना ‘या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे’ अशा अर्थाचा एरर येतो. ते पॉवरशेलचं धोरण आहे, पायथनचा दोष नाही. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे ॲक्टिव्हेट केलं की काम भागतं. धोरण बदलायचंच असेल तर फक्त स्वतःच्या युजरपुरतं ‘रिमोट साइन्ड’ करावं, सगळ्या मशीनसाठी सताड उघडं ठेवू नये. दुसरा अडथळा लिनक्सवरचा. डेबियन १२ पासून आणि उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर पिप चालवलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असं सांगून ते थांबतं. इंटरनेटवर लोक त्यावर ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’चा पर्याय जोडायला सांगतात. तो तुमच्या मुलांना कधीही वापरू देऊ नका. सिस्टिमची स्वतःची काही कामं त्याच पायथनवर चालतात, आणि हा एरर त्यांच्याच रक्षणासाठी आहे. तिथे व्हीएन्व्हचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं, तेवढं बसवलं की रस्ता मोकळा.

आवृत्तीचं एक प्रकरण मात्र फसवं आहे, कारण त्यात एररच येत नाही. पायथन जुना असेल तर पिप तक्रार न करता त्याला झेपणारं जुनं जँगो आणून बसवतं. जँगो ६.० ला पायथन ३.१२ किंवा पुढचा लागतो, ५.२ ला किमान ३.१०. कुणाच्या मशीनवर ३.९ असेल तर गुपचूप ४.२ येतं, आणि मग बिचारा नव्या आवृत्तीचं ट्यूटोरियल वाचत जुन्या आवृत्तीशी झगडत बसतो. म्हणून इन्स्टॉल झाल्या झाल्या ‘पायथन -एम जँगो --व्हर्जन’ द्यायचं, आणि अधिकृत डॉक्युमेंटेशनच्या पानावर उजव्या कोपऱ्यात खाली आपलीच आवृत्ती निवडली आहे ना, ते बघायचं. शिकणाऱ्यांसाठी मी ५.२ सुचवेन. ती दीर्घकाळ सपोर्ट असलेली आवृत्ती आहे, आणि तिच्याबद्दलची विचारलेली-उत्तरलेली माहिती भरपूर सापडते.

प्रोजेक्ट बनवताना ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग’ नंतर एक जागा सोडून टिंब द्यायला सांगा. टिंब नसलं की एकाच नावाचे दोन फोल्डर एकात एक तयार होतात, आणि ‘मॅनेज.पाय सापडत नाही’ म्हणून अर्धा तास जातो. शिवाय प्रोजेक्टला किंवा फाईलला ‘जँगो’ किंवा ‘टेस्ट’ असं नाव द्यायचं नाही. स्वतःच्या फोल्डरात ‘जँगो.पाय’ नावाची फाईल असली तर पायथन तीच उचलतो आणि खऱ्या जँगोपर्यंत पोहोचतच नाही.

हे सगळं होऊन, सर्व्हर सुरू केल्यावर येणारं जँगोचं रॉकेटचं स्वागताचं पान दिसलं की टाळी द्या, मनापासून द्या. आणि मग सांगा: आता एन्व्ह फोल्डर डिलीट कर.

त्यांचे चेहरे उतरतील. उतरू द्या. मग हातात काहीही न देता सगळं पुन्हा उभं करायला सांगा. तुम्ही फक्त शेजारी बसायचं. दुसऱ्या वेळी त्यांना कळतं की आपला कोड जागेवरच आहे, गेलं ते फक्त उतरवून आणलेलं सामान, आणि ते कधीही परत आणता येतं. इन्स्टॉलेशनची भीती या एका सरावाने जेवढी जाते तेवढी कुठल्याच समजावण्याने जात नाही, असं माझं ठाम मत आहे. मशीन बदललं, फोल्डर हलवला, तरी हेच करायचं असतं. एन्व्हायर्नमेंट एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेता येत नाही, कारण त्याच्या आत पूर्ण पाथ लिहिलेले असतात.

तुम्ही हात मागे ठेवून बसलात की ते अडतील, आणि अडल्यावर तुमच्याकडे बघतील. तेव्हा उत्तर देऊ नका; एरर वाचून दाखवायला सांगा. नवशिके ट्रेसबॅक, म्हणजे एररबरोबर येणारी ओळींची यादी, वरून वाचायला घेतात आणि तिसऱ्या ओळीला हरतात. त्यांना खालून वर वाचायला शिकवा. सगळ्यात शेवटची ओळ काय बिघडलं ते सांगते. तिथून वर सरकत जायचं, आणि स्वतःच्या फोल्डरमधल्या फाईलचं नाव पहिल्यांदा जिथे दिसेल तिथे थांबायचं. मधल्या साइट-पॅकेजेसच्या ओळी वगळल्या तरी सहसा चालतं. फोनवर मदत मागणाऱ्यांना स्क्रीनचा फोटो पाठवू देऊ नका. एररचा मजकूर कॉपी करून पाठवायला लावा. मजकूर निवडताना तो निदान एकदा वाचला तरी जातो.

आता चुलतभावाकडे येऊ. त्याने साइट-पॅकेजेसच्या आत जाऊन फाईल शोधली, योग्य जागा सापडवली, रंग बदलून दाखवला. त्याला रागावू नका. जँगोच्या फायली वाचणं उत्तमच, अधिकृत ट्यूटोरियलसुद्धा त्या शोधायला शिकवतं. फक्त तिथे लिहायचं नाही, कारण तो फोल्डर आपला नाही आणि पुढच्या अपडेटला पुसला जातो. एन्व्ह डिलीट करायचा वरचा सराव त्याने आधी केला असता, तर त्याला हे कुणी सांगावंही लागलं नसतं.

त्याच्याबरोबर बसून हे करा. टेम्प्लेट म्हणजे पानाचा एचटीएमएल साचा. सेटिंग्ज फाईलमध्ये ‘टेम्प्लेट्स’खाली ‘डिर्स’ नावाची रिकामी यादी असते. तिच्यात ‘बेस डिर’च्या आतल्या ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरचा पत्ता लिहायचा. मग प्रोजेक्टमध्ये तो फोल्डर बनवून, त्यात ‘ॲडमिन’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘बेस_साइट.एचटीएमएल’ फाईल. नाव तंतोतंत तेच हवं. जँगो टेम्प्लेट शोधताना आधी डिर्समधले फोल्डर पाहतं, मग इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीतल्या ॲप्समध्ये क्रमाने. पहिलं सापडेल ते घेतं. म्हणजे आपली फाईल आधी सापडली की जँगोची तशीच शाबूत राहते. आख्खी मूळ फाईल कॉपी करून आणायचीही गरज नाही. आपल्या फाईलच्या पहिल्या ओळीत त्याच नावाच्या मूळ टेम्प्लेटला ‘एक्स्टेंड’ करायचं आणि हवा तेवढाच ब्लॉक बदलायचा. रंगासाठी ‘एक्स्ट्रास्टाइल’ ब्लॉक आहे. ॲडमिनचे रंग सीएसएसच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेले असतात, त्यातलं ‘हेडर-बीजी’ बदललं की वरच्या मथळ्याचा रंग बदलतो. नुसतं ‘जँगो ॲडमिनिस्ट्रेशन’ हे नाव बदलायचं असेल तर टेम्प्लेटला हातच लावू नका. यूआरएल्सच्या फाईलमध्ये ‘ॲडमिन.साइट.साइट_हेडर’ला आपलं नाव दिलं की झालं.

आणि त्याने चूक करावी म्हणून एकदा मुद्दाम थांबा. आपल्याच एखाद्या व्ह्यूमध्ये (पान तयार करून देणाऱ्या कोडमध्ये) टेम्प्लेटचं नाव थोडं चुकवून लिहायला सांगा. ‘टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट’चं पान येईल. त्यात ‘टेम्प्लेट-लोडर पोस्टमॉर्टेम’ असा भाग असतो, आणि जँगोने कुठले कुठले पत्ते कुठल्या क्रमाने पालथे घातले त्याची यादी तिथे ओळीने दिलेली असते. शोधाचा क्रम त्या पानावर उघडा दिसतो. स्टॅटिक फाईलच्या (सीएसएस, चित्रं वगैरे) बाबतीत हेच काम ‘मॅनेज.पाय फाइंडस्टॅटिक’ ही कमांड करते. दुर्दैवाने ती फार कमी जणांना माहीत असते.

ॲडमिन सजवण्यात किती वेळ घालवायचा यालाही मर्यादा घाला. जँगो २००३ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या वेब विभागात जन्माला आलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. संपादकांना झटपट मजकूर भरता यावा ही तिथली निकड होती, आणि ॲडमिन आजही तेवढ्यासाठीच आहे: आतल्या विश्वासातल्या माणसांसाठी. शिकणारी मुलं त्यालाच वेबसाइट समजून महिनोन्‌महिने रंगवत बसतात. बाहेरच्या लोकांना दिसायची पानं स्वतःच्या व्ह्यूज आणि टेम्प्लेट्समधून बनवायची, हे त्यांना लवकर सांगा.

उरली ऑफिसातली मुलगी, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तिने जँगोचं ऐकलं म्हणून ती अडकली. पहिल्यांदा ‘रनसर्व्हर’ दिलं की लाल अक्षरांत येतं, तुमची १८ मायग्रेशन्स लागू व्हायची आहेत, ‘मायग्रेट’ चालवा. कुठलाही सरळमार्गी माणूस ते लगेच चालवतो. पण युजर मॉडेल, म्हणजे युजरची माहिती डेटाबेसमध्ये कशी ठेवायची ते सांगणारा कोड, आपलं हवं असेल, तर ते ठरवायची वेळ त्याच्या आधीची असते. ‘मायग्रेट’ झालं की ॲडमिनची टेबलं जँगोच्या मूळ युजरला बांधली जातात. नंतर सेटिंग्जमध्ये ‘ऑथ_युजर_मॉडेल’ बदललं, की ‘इन्कन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी’ म्हणत सगळं ठप्प होतं. म्हणून नव्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही सगळ्यांकडून आधी ‘ॲबस्ट्रॅक्ट युजर’वरून एक रिकामा युजर बनवून घ्या, तो सेटिंग्जमध्ये लिहून घ्या आणि मगच पहिलं मायग्रेट. आज त्यात एकही जादा फील्ड नसलं तरी चालेल, उद्या घालता येईल.

तिच्या प्रोजेक्टमध्ये फक्त सरावाचा डेटा असेल तर एसक्यूलाइटची फाईल आणि तिच्या स्वतःच्या ॲप्समधल्या मायग्रेशनच्या फायली काढून टाकून नव्याने सुरुवात करणं सगळ्यात स्वच्छ. मायग्रेशन फोल्डरमधली ‘इनिट’ फाईल तेवढी राहू द्या. पण खरा डेटा असेल तर काहीही डिलीट करू नका, बॅकअप घ्या आणि युजर मॉडेलचा नाद सोडा. ईमेलने लॉगिन करायला मॉडेल बदलायची गरजच नाही. ईमेल बघून युजर शोधणारा आणि पासवर्ड तपासणारा एक छोटा ऑथेंटिकेशन बॅकएंड लिहायचा, सेटिंग्जमधल्या बॅकएंडच्या यादीत तो घालायचा, झालं. एकच काळजी: जँगोच्या मूळ युजरमध्ये ईमेल युनिक असण्याची सक्ती नसते. एकाच ईमेलचे दोन युजर आधीच पडले आहेत का ते शोधा आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये तपासणी घाला, मगच बॅकएंड चालू करा.

स्क्रिप्ट तुम्ही लिहू नका. एन्व्ह डिलीट करून परत उभा करता यायला लागला, की ‘पायथन -एम पिप फ्रीझ’ने आवृत्त्यांची यादी ‘रिक्वायरमेंट्स’ फाईलमध्ये ठेवायला शिकवा, एन्व्ह फोल्डर गिटमधून वगळायला लावा, आणि मग ज्याला रोजचा कंटाळा येईल त्यालाच ती स्क्रिप्ट लिहू द्या. पहिली परीक्षा चुलतभावाच्या नव्या लॅपटॉपवर घ्या. त्याच्या जुन्या लॅपटॉपवरची बदललेली फाईल मात्र त्याआधी बाजूला कॉपी करून ठेवायला विसरू नका, नाहीतर त्याने निवडलेले रंग परत आठवत बसावं लागेल.